बाईंना कोणी उठवलं नाही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, जे एके काळी आमच्या संस्थेच्या मूल्यमापन समितीचे प्रमुख होते. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आमचे संचालक साहेब. डावीकडे बसलेल्या प्रमुख पाहुण्या, हॉस्पिटलच्या परदेशी रुग्ण विभागाच्या मुख्य सिस्टर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या इंग्रजीच्या बाई. पहिल्या रांगेत अगदी कडेची, वेळ आली तर निसटता येईल अशी खुर्ची पकडून बसलेले बाईंचे यजमान. माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि चहा कधी येतो म्हणून मघापासून दाराकडे बघणारे सगळे रसिक श्रोतेहो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘बाईंचे अत्यंत जवळचे सहकारी’ अशी करून दिली. जवळचा मी आहेच. बाईंच्या आणि माझ्या वर्गांच्या मध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन आहे, तेही वरून छताला टेकत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर तोंडही आहे. पण ‘सहकारी’ या शब्दाबद्दल मला शंका आहे. कारण मी या संस्थेत बाईंना सहकार्य असं फारसं केलेलं नाही. मी त्यांच्या तक्रारी केल्या. मनापासून केल्या, सातत्याने केल्या. आज त्या निवृत्त होत आहेत म्हणून मी त्या तक्रारी मागे घेईन अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती पुरी होणार नाही. उलट, आयता माइक मिळाला आहे, तर त्या पुन्हा एकदा जाहीर करून टाकतो.

माझी पहिली तक्रार अशी की बाईंनी कृतिसंशोधन या चांगल्या चालत्या धंद्याची वाट लावली.

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करतो. कामावर असलेल्या माणसांना शिकवणाऱ्या आमच्या या संस्थेत प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी एक कृतिसंशोधन करायचं असतं. म्हणजे काय, तर मोठमोठे संशोधक जसे बाहेरून येऊन दुसऱ्याच्या वर्गावर संशोधन करतात, तसं न करता, शिक्षकाने आपल्याच वर्गातली एखादी अडचण पकडायची, काहीतरी वेगळं करून बघायचं, काय झालं ते प्रामाणिकपणे पाहायचं, आणि नाही जमलं तर परत वेगळं काही करून बघायचं. यातला ‘प्रामाणिकपणे’ एवढा एक शब्द सोडला तर बाकी सगळं आम्ही नेमाने करत होतो.

माझंच उदाहरण घ्या. मी इंग्रजीचं व्याकरण शिकवतो. माझी आजवरची सगळी कृतिसंशोधनं यशस्वी झाली आहेत. एकही फसलं नाही. अहो, फसायला ते आधी करावं लागतं! निष्कर्ष आधी लिहायचा आणि मग त्याला शोभेल अशी समस्या शोधायची. ‘विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसून आली’ हे आमचं आवडतं वाक्य. दरवर्षी इतकी लक्षणीय सुधारणा दिसून येत होती, की आमचे विद्यार्थी एव्हाना इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये बसायला हवे होते. प्रत्यक्षात ते परदेशी माणूस दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात.

अशा या सुखाच्या संसारात बाई आल्या. नवीन होत्या, नेमणूक कायम झालेली नव्हती. अशा माणसाने कसं वागावं याचे काही संकेत असतात की नाही? पहिल्याच वर्षी बाईंनी अहवाल दिला आणि त्याच्या शेवटी लिहिलं, ‘प्रयोग फसला.’

संचालक साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथे रजेच्या अर्जावर सही घ्यायला उभा होतो, म्हणून कानावर पडलं.

“बाई, हे काय लिहिलंय? फसला म्हणजे?”

“म्हणजे नाही जमला, सर.”

“अहो, पण अहवालात कधी कोणाचं फसतं का? निदान ‘अंशतः यशस्वी’ तरी म्हणा.”

“अंशतःही नाही जमला, सर. पण का नाही जमला ते थोडं कळलंय. आता पुढचं करून बघते.”

संचालक साहेब, तुमचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यात. घरात पाल शिरली की माणूस बघतो तसं बघत होतात.

आता प्रयोग काय होता ते सांगतो. आपल्या हॉस्पिटलात उपचारासाठी परदेशातून रुग्ण येतात. त्यांच्या वॉर्डात टिकून राहायचं तर सिस्टरांना इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. तीनदा संधी. तिसऱ्यांदा नापास, तर कंत्राट पुढे चालू ठेवत नाहीत. या सिस्टर सकाळची ड्युटी संपवून, पाय सुजलेले, डोळे मिटायला आलेले, अशा दुपारी बाईंच्या वर्गात येऊन बसत.

त्यांतल्या एकीला सगळ्या जणी होयताई म्हणत. का? तर इंग्रजीत तिला काहीही विचारा, उत्तर एकच, “येस सर.” तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलं, तुम्हाला माझं बोलणं समजायला अडचण येते आहे का? येस सर. मग पुन्हा सांगू का? येस सर. म्हणजे आधीचं समजलंच नाही तर? येस सर. असं करत ती दोनदा नापास झाली. घरात कमावणारी ती एकटी. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत.

तुम्ही हसलात, मीही हसत होतो. पण एकदा वॉर्डात एका परदेशी आजोबांनी गोळी हातात धरून तिला विचारलं, ही माझीच का? ती म्हणाली, येस सर. शेजारच्या सिस्टरने झडप घालून ती गोळी काढून घेतली म्हणून बरं. त्या दिवशी होयताई वर्गात आली आणि वही न उघडता नुसती बसून राहिली. हे मात्र हसण्यासारखं नव्हतं.

मी असतो तर काय केलं असतं? तिला व्याकरणाची आणखी वाक्यं दिली असती. बाईंनी काय केलं, तर टेबलावर एक रेकॉर्डर ठेवला आणि आपलाच तास टेप केला. घरी स्वयंपाक करता करता त्या तो ऐकत होत्या. यजमान पेपर वाचत होते. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “ही कोणाची उलटतपासणी चाललीय?”

बाईंनी गॅस बंद केला. कारण गोष्ट खरी होती. अख्ख्या तासात सगळे प्रश्न बाईंनी विचारले होते. सिस्टरांनी एकही नाही. आणि आणखी गंमत बघा, बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाईंना आधीच माहीत होतं! माहीत असलेलंच विचारत सुटणारा माणूस जगात शिक्षक आणि वकील सोडून दुसरा कोण असतो? वॉर्डात याच्या बरोब्बर उलटं असतं. तिथे सिस्टरने विचारायचं असतं. कुठे दुखतंय, कधीपासून, आधी कोणती औषधं घेतली. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांना शिकवत काय होतो? उत्तरं.

झालं. बाईंनी ठरवलं, आता यांनी विचारायचं. पहिल्यांदा एकमेकींना प्रश्न विचारायला लावले. पंधरा-पंधरा वर्षं एकाच वॉर्डात राबलेल्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, व्हॉट इज युअर नेम? हा तो फसलेला प्रयोग. मग पिशवीत एक वस्तू लपवून आणली आणि म्हणाल्या, प्रश्न विचारून ओळखा. एकीने विचारलं, व्हॉट इज इट? बाईंना सांगावं लागलं. खेळ खलास. तोही फसला.

शेवटी बाईंनी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि सरळ आपल्या भाषेत विचारलं, “बायांनो, तुम्ही प्रश्न का विचारत नाही?” पार्टिशनच्या या बाजूला माझा वर्गही कान देऊन बसला होता. मग होयताईचा आवाज आला.

“बाई, प्रश्न विचारला की समोरचा म्हणतो, एवढंही माहीत नाही का? ‘हो’ म्हटलं की विषय संपतो.”

मी माझ्या वर्गाला म्हटलं, लिहा, पुढचं वाक्य लिहा. पण मलाच पुढचं वाक्य आठवेना.

इथून माझी दुसरी तक्रार सुरू होते, ती आवाजाची. बाईंच्या डोक्यात आलं की न विचारल्याने काहीतरी बिघडलं पाहिजे, तरच माणूस विचारेल. म्हणून त्यांनी दोन बाकं जोडली, त्यावर चादर अंथरली आणि स्वतः पेशंट होऊन आडव्या झाल्या. नियम असा, की पेशंट आपणहून काही सांगणार नाही. विचाराल तेवढंच. आणि कोणी विचारलंच नाही तर पेशंट कण्हायला लागणार, आणि जितका उशीर तितका कण्हण्याचा आवाज वाढत जाणार.

मंडळी, तुम्ही कधी शेजारच्या खोलीतून प्रौढ बाईचं कण्हणं ऐकत कर्मणी प्रयोग शिकवला आहे का? मी शिकवला आहे. माझे विद्यार्थी फळ्याकडे बघायचे सोडून पार्टिशनकडे बघत. आणि कण्हणं थांबलं की पलीकडून सिस्टरांचा गिल्ला सुरू. व्हेअर इज द पेन? शार्प पेन ऑर स्लो पेन? यू ड्रिंक वॉटर? व्हाय यू नॉट ड्रिंक वॉटर? स्लो पेन म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गिल्ला चालूच. मी दोनदा तक्रार केली. बाईंनी दोन्ही वेळा नम्रपणे माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कण्हू लागल्या.

सगळ्या जणी विचारायला लागल्या, एक होयताई सोडून. ती पायाशी उभी राहायची, चादर नीट करायची, उशी सरळ करायची. तोंडातून शब्द नाही. परीक्षा जवळ आलेली. मी स्टाफरूममध्ये बाईंना म्हटलं, “बाई, बाकीच्या बोलायला लागल्या ना? मग लिहून टाका यशस्वी. एकीचं काय घेऊन बसलात?”

बाई म्हणाल्या, “सर, नापास ती एकटीच झाली तर घरी ती एकटीच बसणार. बाकीच्या नाहीत.”

आणि दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या. शिकवायला नाही, बघायला. भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या दारापाशी एका स्टुलावर बसून राहिल्या. तिथे त्यांना एक निराळीच होयताई दिसली. दारावर ड्युटी तिची होती. नातेवाइकांची झुंड आली की ती कमरेवर हात ठेवून उभी. कोण तुम्ही? कोणाकडे आलात? नातं काय? पिशवीत काय आहे? एका पेशंटला एकच नातेवाईक, बाकीचे बाहेर थांबा! तिच्यापुढे भलेभले गप्प. एक मिशाळ फौजदार मुकाट्याने बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला म्हणे.

बाई परत आल्या त्याच हसत. म्हणाल्या, “सर, प्रश्न तिच्याकडे ढीगभर आहेत. मीच तिला चुकीच्या जागी उभं केलं होतं. ती पेशंटच्या पायाशी उभी राहणारी नाही, दारात उभी राहणारी आहे.”

मग ठरलं, वर्गात एक नातेवाईक आणायचा. तो बाहेरून येणार, पेशंटजवळ घुसायला बघणार, आणि त्याला फक्त इंग्रजी येत असणार. कोण करणार हे काम? अर्थात यजमान. संसारात माणसाला काय काय व्हावं लागतं! बाईंनी सिस्टरांना एवढंच सांगितलं, “उद्या पेशंटला भेटायला कोणीतरी येईल. दारात होयताई असेल.”

आणि अध्यक्ष महोदय, नेमक्या त्याच दिवशी, कोणालाही आगाऊ न कळवता, आपण आलात.

खुर्चीत सावरून बसलात तरी चालेल. मी काही वाढवून सांगणार नाही, वाढवायची गरजच नाही.

यजमान वेळेवर निघाले होते. पण भूमिकेत शिरायचं म्हणून वाटेत केळी घ्यायला थांबले. तेवढ्यात आपण, आणि आपल्यासोबत समितीचे दोन सदस्य, बाईंच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिलात. मी आपल्या मागेच होतो. कण्हण्याचा आवाज असह्य झाला म्हणून तक्रार करायला बाहेर पडलो होतो. समिती दिसल्यावर मला मनातून आनंद झाला. म्हटलं, आता माझ्या तोंडून ऐकायची गरजच नाही, डोळ्यांनीच बघा.

समितीने बघितलं. शिक्षिका बाकावर आडवी, अंगावर चादर, डोळे मिटलेले. भोवती बायका उभ्या. आपण एक पाऊल आत टाकलंत आणि बाईंना उठवायला हात पुढे केलात.

होयताई मध्ये आली.

“सर! प्लीज डोन्ट टच द पेशंट. हू आर यू?”

आपण म्हणालात, “आय ॲम... वुई आर द कमिटी.”

तिने आपल्या तिघांकडे बघितलं. तिला वाटलं, भेटायला येणारे ते हेच. कमरेवर हात गेले. “हाऊ मेनी पीपल! ओन्ली वन रिलेटिव्ह फॉर वन पेशंट. अदर टू, वेट आउटसाइड.”

आणि श्रोतेहो, समितीचे दोन सन्माननीय सदस्य बाहेर जाऊन थांबले! हॉस्पिटलात सिस्टरने बाहेर थांबा म्हटलं की थांबायचं, ही सवय माणसाच्या हाडात इतकी मुरलेली असते, की अधिकाराबिधिकार सगळा विसरला जातो.

राहिलात आपण. तिने आपल्याला सोडलं नाही. “यू आर हर हजबंड? ब्रदर?” लगेच पुढचा प्रश्न, “व्हेन धिस पेन स्टार्टेड?” आपण म्हणालात, “आय डोन्ट नो.” “शी इट टुडे?” “आय डोन्ट नो.” मग तिने आपल्याकडे असं काही बघितलं, की मीच दोन पावलं मागे सरलो. “यू नो नथिंग! व्हॉट काइंड ऑफ रिलेटिव्ह आर यू, सर?”

याच वेळी मी एक गोष्ट पाहिली, जी आपल्याला दिसली नाही, कारण आपण होयताईकडे बघत होतात. बाईंनी एक डोळा उघडला. त्यांनी आपल्याला बघितलं आणि ओळखलं. आपल्या छातीवरचं ओळखपत्र लांबूनही वाचता येत होतं. बाईंची नेमणूक कायम करायची की नाही, हे समितीच्या शेऱ्यावर ठरणार होतं, हे संस्थेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. एका क्षणात उठायचं, पदर सारखा करायचा, आणि “सर, हा एक उपक्रम आहे” म्हणून खुलासा करायचा. कोणीही तेच केलं असतं. मी तर बाकावरून उडीच मारली असती.

बाईंनी होयताईकडे बघितलं. ती बोलत होती. विचारत होती. इंग्रजीत, मोठ्याने, न घाबरता.

बाईंनी डोळा परत मिटला. आणि एकदा हळूच कण्हल्या.

मंडळी, मला बाईंचा राग यायचा, अजूनही येतो. पण त्या क्षणी, खरं सांगतो, मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना आजवर बोललो नाही. मला वाटलं की शिक्षक म्हणतात तो हा, आणि मी नुसता व्याकरण येणारा माणूस आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. यजमान केळी घेऊन धावत आले, “माय वाइफ! व्हेअर इज माय वाइफ!” असा आक्रोश करत. होयताईने त्यांनाही बाहेर थांबवलं, कारण एक नातेवाईक आधीच आत होता. मग ते बाहेर समितीच्या सदस्यांशेजारी बसले आणि तिघांनी मिळून पेशंटची केळी खाल्ली.

संध्याकाळी संचालक साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. समितीचा शेरा तयार होता, ‘शिक्षिका वर्गाच्या वेळेत बाकावर झोपलेल्या आढळल्या.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. शेजारचा वर्ग माझा, म्हणून साक्षीला मला बोलावलं. इतके दिवस ज्या संधीची वाट बघत होतो ती चालून आली होती.

अध्यक्ष महोदय, आपण मला विचारलंत, “या बाई वर्गात नेहमी झोपतात का?”

मी उसळलो. म्हटलं, “झोपतात? साहेब, त्या वर्गाशेजारी कोणी झोपून तर दाखवावं! रोज दुपारी नुसता कालवा असतो. त्या बायका एक क्षण गप्प बसत नाहीत. सारख्या विचारत असतात, इंग्रजीत, तेही चुकीच्या इंग्रजीत! एकीचं संपलं की दुसरी. बाईंचा शिकवण्याचा आवाज म्हणून येत नाही. आवाज येतो तो सगळा विद्यार्थ्यांचा. आधी अशा नव्हत्या हो त्या! आधी किती शांत वर्ग होता! चिमणीसुद्धा ऐकू यायची. यांनीच त्यांना बोलायला लावून बिघडवलं!”

बोलून झालं. संचालक साहेब छताकडे बघत होते. बाई मान खाली घालून हसू दाबत होत्या. मला कळेना, एवढी सणसणीत तक्रार केली तरी यांना संताप कसा येत नाही? मग आपण पेन उचललंत आणि तो शेरा खोडलात. बाईंना आपण एवढंच विचारलंत, “मला बघूनही तुम्ही उठला नाहीत?”

बाई म्हणाल्या, “सर, ती विचारत होती.”

तर मंडळी, बाईंची नोकरी माझ्या तक्रारीमुळे वाचली असं लोक म्हणतात. मी या आरोपाचा निषेध करतो. मी ती त्यांच्याविरुद्धच केली होती आणि आजही तिच्यावर ठाम आहे.

यानंतर संस्थेने काय केलं? संस्था जे करते तेच. पुढच्या महिन्यात परिपत्रक निघालं, सर्व शिक्षकांनी आठवड्यातून एकदा बाकावर आडवं होऊन अध्यापन करावं. टायपिंगचे सर आडवे झाले. हिशेब शिकवणाऱ्या बाई आडव्या झाल्या. मी आडवा झालो आणि मला खरंच झोप लागली, विद्यार्थी पाय न वाजवता घरी निघून गेले. सगळ्यांनी अहवाल दिले, लक्षणीय सुधारणा दिसून आली. पाठदुखीचा मात्र कोणी उल्लेख केला नाही.

या परिपत्रकाला विरोध केला तो एकट्या बाईंनी. म्हणाल्या, “सर, हे त्या वर्गाला लागू पडलं. पुढच्या वर्गाला पडेलच असं नाही. मला परत बघावं लागेल.” पुढच्या वर्गात सगळे ट्रकचालक होते. त्यांच्यापुढे आडवं पडून काय उपयोग? बाईंनी बाकं सरळ केली, रेकॉर्डर काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला प्रयोग फसला. त्यांनी तसंच लिहिलं. संचालक साहेबांनी या खेपेला काही न बोलता सही केली, याची मी इथे कृतज्ञतेने नोंद घेतो.

होयताई तिसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेला बसली. परीक्षक सकाळपासून परीक्षा घेऊन दमले होते. त्यांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर हिनेच आधी विचारलं, “सर, यू लुक टायर्ड. डिड यू इट?” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, नाही. मग ती बसलीच विचारायला. का नाही खाल्लं, डोकं दुखतं का, चष्मा कधी बदलला. परीक्षकांनी सगळी उत्तरं दिली. पास कोण झालं ते तुम्हीच ठरवा, पण गुण तिला मिळाले. आज त्या व्यासपीठावर बसल्या आहेत, आपल्या प्रमुख पाहुण्या. ताई, माफ करा, ‘होयताई’ म्हणालो. मघाशी दारात आपण मला थांबवून विचारलंत, “सर, भाषण किती वेळ चालेल?” मी “पाच मिनिटं” म्हटलं आणि आपण माझ्याकडे तसंच बघितलंत. अजून अंगावर काटा आहे.

बाई, तुमच्याविरुद्धची शेवटची तक्रार करतो आणि बसतो. उद्या तुमच्या खोलीत नवीन शिक्षक येतील. हुशार आहेत, शिस्तीचे आहेत. त्यांनी परवा मला येऊन आश्वासन दिलं, “सर, माझ्या वर्गाचा तुम्हाला मुळीच त्रास होणार नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल.” मी त्यांचे आभार मानले. घरी गेलो आणि जेवण गेलं नाही.

या पार्टिशनच्या अलीकडे बसून मी एक गोष्ट मात्र शिकलो, की खरा प्रश्न तोच, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नसतं. आयुष्यभर मी फळ्यापुढे उभा राहून हजारो प्रश्न विचारले, त्यातला एकही खरा नव्हता. आज पहिल्यांदा एक खरा विचारतो. बाई, उद्या दुपारी पलीकडून काहीच आवाज आला नाही, तर मी तक्रार कोणाकडे करू?

उत्तराची घाई नाही. बाकावर पडून राहून तुम्ही आम्हाला थांबायला शिकवलं आहे.

अध्यक्ष महोदय, आपण हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, एका जवळच्या नातेवाइकाला शोभेल असंच वागलात, आपले आभार. संचालक साहेबांचे, सिस्टरांचे आणि केळीवाल्या यजमानांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुठे मर्यादा सुटली असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्या. व्याकरणाची चूक निघाली असेल, तर ती मात्र मला उद्या वर्गात येऊन जरूर सांगा, मोठ्याने सांगा, पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नमस्कार.